बंद झालेल्या पिस्तुलाचा माग

कारखान्याने एखादी वस्तू करणे थांबविले म्हणजे तिचे आयुष्य सरले, असे आपण सामान्यतः समजतो. तिचे सुटे भाग मिळेनासे होतात, ती दुरुस्त करणारे हात थकतात आणि यथावकाश ती माळ्यावरच्या अडगळीत जाऊन पडते. परंतु काही वस्तूंच्या वाट्याला याच्या नेमके उलट भाग्य येते. त्यांचे उत्पादन थांबले की त्यांचा शोध सुरू होतो. अमेरिकेतील जुनी पिस्तुले ही अशा वस्तूंपैकी एक होत. फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरलाही आपण बोलण्यात पिस्तूलच म्हणतो; आज मीही तोच शब्द वापरणार आहे. बंद झालेल्या पिस्तुलाचा माग अमेरिकेत कसा काढला जातो, ते लिलावात कसे विकत घेतले जाते आणि त्या व्यवहारातून इतिहासाविषयी काय शिकण्यासारखे आहे, एवढाच आजचा विषय आहे.

या शोधाची पहिली हकीकत मोठी गमतीची आहे. सॅम्युएल कोल्ट हा कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावचा. १८३६ साली त्याने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळविले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना काढला. धंदा काही चालला नाही. १८४२ साली कारखाना बंद पडला. पुढे १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध जुंपले. टेक्सासच्या रेंजर दलात ही पिस्तुले वापरलेला कॅप्टन सॅम्युएल वॉकर कोल्टकडे आला आणि सरकारकडून एक हजार पिस्तुलांची मागणी मिळाली. कोल्टजवळ त्या वेळी कारखाना नव्हता, कारागीर नव्हते. इतकेच नव्हे, तर नमुन्यासाठी स्वतःचेच एखादे जुने पिस्तूल मिळावे म्हणून त्याने जाहिरात दिली आणि तरीही ते मिळाले नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर बंद झालेल्या कोल्ट पिस्तुलाच्या शोधात निघालेला पहिला गिऱ्हाईक स्वतः कोल्टच ठरतो! अखेर वॉकरच्या सूचना ध्यानी घेऊन त्याने नवाच नमुना तयार केला आणि एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात १८४७ साली ती पिस्तुले करून घेतली. एकेक पिस्तूल दोन किलोंहून अधिक वजनाचे होते. सरकारची एक हजार आणि खासगी वाटपासाठी आणखी शंभर, एवढीच ती झाली. वॉकर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेक्सिकोतील वामांतला येथे लढताना पडला. पिस्तुलाला मात्र त्याचे नाव कायमचे चिकटले.

या अकराशे पिस्तुलांवर क्रमांक कसे घातले होते ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढील सारी कथा क्रमांकाभोवतीच फिरते. सैन्याच्या पिस्तुलांवर तुकडीचे अक्षर आणि त्या तुकडीतील अनुक्रमांक कोरला जाई. खासगी शंभर पिस्तुलांना १००१ पासून पुढचे क्रमांक मिळाले. त्यांतील १०२२ क्रमांकाचे पिस्तूल एका डॅनिश जहाजाच्या कप्तानाने विकत घेऊन डेन्मार्कला नेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी डेन्मार्क व्यापले तेव्हा ते लपवून ठेवावे लागले. पुढे ते अमेरिकेत परतले आणि एप्रिल २०१८ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथील लिलावात त्याला १८ लाख ४० हजार डॉलर एवढी किंमत आली. पोलाद तेच, कारागिरी तीच. परंतु कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची साखळी या पिस्तुलापाशी अखंड होती, आणि गिऱ्हाइकाने मोल दिले ते मुख्यतः त्या साखळीचे.

अर्थात लक्षावधी डॉलरची ही नवलाई मूठभर धनिकांची. सामान्य संग्राहक ज्यांच्या मागे असतो ती पिस्तुले याहून पुष्कळ अलीकडची आहेत. कोल्ट कंपनीनेच १९५५ साली ‘पायथन’ म्हणजे अजगर या नावाचे एक पिस्तूल बाजारात आणले. त्याचे अंतर्भाग कुशल कारागीर हाताने घासून एकमेकांत बसवीत. त्याच्या पोलादावर गडद निळी झिलई इतकी तुकतुकीत असे, की तिच्यात पाहणाऱ्याचा चेहरा दिसावा. मात्र हस्तकौशल्य हे यंत्रयुगात महाग पडते. १९८६ ते १९९० अशी चार वर्षे कंपनीत संप चालला, १९९२ साली तिला दिवाळखोरीसाठी न्यायालयाकडे जावे लागले आणि १९९९ साली पायथनचे नियमित उत्पादन थांबले. मग जे नेहमी घडते ते घडले. जे पिस्तूल एरवी दुकानाच्या कपाटात गिऱ्हाइकाची वाट पाहत पडले असते, त्याच्यासाठी गिऱ्हाईक वाट पाहू लागले. २०१० साली सुरू झालेल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत नायकाच्या हाती पायथन दिसले आणि मागणीला आणखी भर आला.

पडद्याची ही जादू नवी नव्हती. कोल्टचेच १८७३ सालचे घोडदळी पिस्तूल साडेतीन लाखांहून अधिक संख्येने तयार होऊन १९४० च्या सुमारास बंद झाले होते. पुढे दूरचित्रवाणीवर गुराखी वीरांच्या कथांची लाट आली आणि लोकांच्या मागणीपुढे मान तुकवून कंपनीला १९५६ साली ते पुन्हा सुरू करावे लागले. पायथनही २०२० साली नव्या रूपात परतले. पण संग्राहकाचे मन विलक्षण असते. नवे पिस्तूल दुकानात मिळत असतानाही तो जुन्याच्याच मागे असतो, कारण त्याला पिस्तुलापेक्षा त्याचा काळ हवा असतो.

आता हा माग कसा काढतात ते पाहू. पूर्वी यासाठी छापील याद्या मागवाव्या लागत, गावोगावच्या शस्त्रप्रदर्शनांत हिंडावे लागे, जुन्या दुकानदारांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार ठेवावा लागे. इंटरनेट आल्यावर हे सारे घरबसल्या होऊ लागले. १९९९ साली ‘ईबे’ या प्रसिद्ध लिलावगृहाने बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी केवळ बंदुकांच्या लिलावासाठी ‘गनब्रोकर’ हे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले. शोधणारा तेथे नमुन्याचे नाव, नळीची लांबी, उत्पादनाचे साल असे तपशील घालतो आणि दिवसेंदिवस वाट पाहतो. कधी महिनोन्‌महिने मनाजोगती वस्तू येत नाही. आली तर विक्रेत्याची किमान अपेक्षा खिशाला न परवडणारी असते. लिलावाची मुदत संपत आली की बोलीवर बोली चढते. गावच्या लिलावात प्रतिस्पर्ध्याचा चेहरा तरी दिसतो. येथे दिसतात ते फक्त वाढत जाणारे आकडे. ज्याने आपली मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवली नाही, तो या खेळात हमखास फसतो.

त्याहून मोठी फसगत वस्तूच्या खरेपणाविषयी होते. झीज लपविण्यासाठी जुन्या पोलादावर नवी झिलई चढवितात; ती डोळ्यांना सुखवते, पण मूळ झिलई गेली की संग्राहकाच्या लेखी अर्धे मोल गेले. मुठी बदललेल्या असतात, नळी आखूड केलेली असते. सर्वांत धोक्याची असते ती सोबत येणारी गोष्ट: अमुक सेनानीचे, अमुक दरोडेखोराचे, आजोबांनी युद्धातून आणलेले. म्हणून जाणत्या संग्राहकांत एक म्हण रूढ आहे: पिस्तूल विकत घ्यावे, गोष्ट विकत घेऊ नये. गोष्टीला आधार लागतो तो कागदाचा. कोल्टच्या जुन्या नोंदवह्यांतून, क्रमांक कळविल्यास, ते पिस्तूल कोणत्या तारखेला, कोणत्या रूपात आणि कोणाकडे रवाना झाले याचे पत्र शुल्क भरून मिळविता येते. नोंद आणि वस्तू जुळली तर किंमत चढते. जुळली नाही तर सुंदर गोष्टीचा फुगा तेथेच फुटतो.

याचे एक ठळक उदाहरण सांगतो. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोत शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुप्रसिद्ध दरोडेखोराला गोळी घालून ठार केले. ज्या कोल्ट पिस्तुलाने हे घडले ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिस येथील लिलावात साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. त्या जातीची पिस्तुले हजारोंनी उपलब्ध आहेत; मग हेच ते, असे कशावरून? गॅरेटच्या पश्चात ते पिस्तूल परत मिळावे म्हणून त्याच्या विधवेने न्यायालयात दाद मागितली होती आणि ती जिंकलीही होती. नवऱ्याची आठवण परत मिळावी एवढ्याचसाठी झगडलेल्या त्या स्त्रीने, तिला कल्पनाही नसताना, इतिहासासाठी एक भक्कम पुरावा मागे ठेवला.

येथवर पाहिले ते संग्राहकाच्या बाजूने. परंतु पिस्तूल म्हणजे टपालाचे जुने तिकीट नव्हे. त्याचे उत्पादन थांबते. त्याची मारक शक्ती थांबत नाही. ही गोष्ट अमेरिकेला फार मोठे मोल देऊन शिकावी लागली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. मारेकरी ली हार्वे ऑस्वाल्ड याने पळताना टिपिट या पोलिसालाही ठार केले. त्यासाठी वापरलेले पिस्तूल हे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला पाठविलेले, युद्धानंतर अमेरिकेत परत आलेले आणि नळी कापून आखूड केलेले स्मिथ अँड वेसनचे जुने पिस्तूल होते. ऑस्वाल्डने ते लॉस एंजलिसच्या एका व्यापाऱ्याकडून खोट्या नावाने टपालाने मागविले होते, आणि किंमत होती अवघी २९ डॉलर ९५ सेंट. कोणी त्याचा चेहरा पाहिला नाही, कोणी त्याला काही विचारले नाही. मात्र पिस्तुलावर ‘व्ही ५१०२१०’ हा क्रमांक होता आणि व्यापाऱ्याच्या कागदांतही तोच होता. त्या एका क्रमांकावरून तपासणाऱ्यांनी खोटे नाव आणि टपालपेटी यांचा माग काढून ते पिस्तूल ऑस्वाल्डनेच मागविले होते हे सिद्ध केले.

पुढे १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवा शस्त्रनियंत्रण कायदा झाला. परवानाधारक उत्पादकाने प्रत्येक शस्त्रावर क्रमांक घालणे त्याने बंधनकारक केले आणि टपालाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी शस्त्र पाठविण्याची वाट बंद केली. आज इंटरनेटवर लिलाव जिंकला तरी परराज्यातील पिस्तूल गिऱ्हाइकाच्या दारात येत नाही. ते त्याच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे जाते. तेथे गिऱ्हाइकाने ओळख पटवावी लागते, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि १९९८ पासून त्याच्या पूर्वायुष्याची तत्काळ तपासणी करणारी व्यवस्था अमलात आहे. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे. १८९८ पर्यंतची शस्त्रे मध्यवर्ती कायद्याच्या लेखी पुराणवस्तू ठरतात. या जाळ्याला छिद्रे नाहीत असे मुळीच नाही. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारांविषयी राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत, आणि तेथील वाद आजही मिटलेला नाही.

आपल्या देशात असे लिलाव चालत नाहीत. येथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. तरीही जुन्या शस्त्राचा माग काढून ते लिलावात विकत घेण्याचा प्रसंग अलीकडेच महाराष्ट्रावर आला. ते शस्त्र पिस्तूल नव्हते, तलवार होती. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. ती रघुजींची, हे ओळखले गेले ते पात्यावर देवनागरीत सोन्याने कोरलेल्या नावावरून. अमेरिकन पिस्तुलावरील आकड्यांचे काम येथे त्या अक्षरांनी केले.

श्रोतेहो, बंद पडलेल्या पिस्तुलाच्या या शोधातून मला एक गोष्ट विशेष जाणवते. संग्राहक ज्या क्रमांकासाठी जास्तीचे पैसे मोजतो, त्याच क्रमांकावरून पोलीस खुन्यापर्यंत पोहोचतात. एकाला त्यातून भूतकाळ हवा असतो, दुसऱ्याला उत्तरदायित्व. पण दोघांचाही आधार एकच असतो, आणि तो म्हणजे कोणीतरी नेमस्तपणे लिहून ठेवलेली नोंद. पिस्तुलावरचा क्रमांक कानशीने घासून टाकणे हा अमेरिकेत गुन्हा आहे. तेथे केवळ एक आकडा पुसला जात नाही. त्या शस्त्राने काय केले हे विचारण्याची वाटच पुसली जाते. आपल्या घरी कोणाच्या पूर्वजांची तलवार असेल, कट्यार असेल, ठासणीची जुनी बंदूक असेल. कायद्याप्रमाणे तिची नोंद करावी हे तर झालेच. पण ती कोणाची, कोठून आली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे ज्या वृद्धांना अजून ठाऊक आहे त्यांच्याजवळ बसून लिहूनही ठेवावे. पोलाद पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याची हकीकत मात्र एका पिढीच्या मौनाने नाहीशी होते.