व्हॅनिलाची वेल आणि एडमंडची काडी

'कलम' हा शब्द आम्हा लिहिणाऱ्यांचा, तसाच बागाईतदारांचाही. बोरू छाटला की लेखणी होते, फांदी छाटली की कलम होते. छाटणे दोन्हीकडे आलेच. आज मी सांगणार आहे ती गोष्ट एका छाट कलमाची, आणि ज्याच्या हाती लेखणी कधी आली नाही अशा एका मुलाची.

चार वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या खालाने मला व्हॅनिलाच्या वेलीचा हातभर तुकडा दिला. "पानं खुडून चार दिवस सावलीत ठेव, मग लाव," एवढेच तिने बजावले. ताजे कलम ओल्या मातीत पुरले तर कुजते. थोडे कोमेजले की मुळे धरते. मी कुंडीत पालापाचोळ्याचे खत भरले, खालची दोन पेरे त्यात आडवी टेकवली आणि शेंडा काथ्याने खांबाला बांधला. ऊन गाळून येईल अशी सावली आणि रोज हलके पाणी, बस्स. महिना-दीड महिन्यात हिरवा कोंब दिसला.

ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिथले टोटोनाक लोक तिला जपत आले. अझ्टेक दरबारात कोकोच्या पेयात तिची शेंग पडे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ती युरोपात नेली आणि 'छोटी शेंग' या अर्थाचे नाव दिले. पुढे वेलीचे तुकडे युरोपातल्या हरितगृहांत पोचले आणि तिथून १८२०च्या सुमारास हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयूनियनवर गेले. वेल तिथे रुजली, फोफावली. शेंग मात्र धरेना.

कारण फुलातच होते. व्हॅनिलाच्या फुलात पराग आणि त्याला ग्रहण करणारा भाग यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो. मायदेशी हे काम तिथल्या मधमाश्या करतात. त्या माश्या काही बोटीत बसून आल्या नव्हत्या! १८३६मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे शार्ल मोरँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने शेंग धरवून दाखवली, पण ती रीत मळ्यात रुळली नाही.

१८४१मध्ये बूर्बोंवरच्या सेंट सुझान गावी फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याला आपल्या जुन्या, वांझ वेलीवर शेंगा लटकलेल्या दिसल्या. त्या धरवल्या होत्या त्याच्या गुलाम पोराने. नाव एडमंड, वय बारा. आई बाळंतपणातच गेलेली. आडनाव नाही, कारण गुलामाला आडनाव नसे. मालकाच्या मागे बागेत फिरताना तो भोपळ्याच्या फुलांचे परागीकरण शिकला होता. तीच युक्ती त्याने इथे लढवली. बारीक काडीने पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबला. काम क्षणभराचे. मग त्याला मळ्यामळ्यांतून ही रीत शिकवायला पाठवू लागले. १८९८पर्यंत बेटावरून वर्षाला सुमारे दोनशे टन व्हॅनिला बाहेर जाऊ लागली. तिथूनच ही शेती मादागास्करला गेली, आणि आज जगातली सर्वाधिक व्हॅनिला तिथे पिकते.

आणि एडमंड? १८४८मध्ये बेटावरची गुलामी संपली. त्याला 'आल्बियस' हे आडनाव मिळाले, 'पांढरा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. काळ्या पोराला हे नाव देणाऱ्याच्या मनात काय होते, कोण जाणे. पुढे चोरीच्या आरोपात त्याला सक्तमजुरी झाली. जुन्या मालकाने रदबदली केली, तेव्हा तो मुदतीआधी सुटला. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने तर ही रीत आपणच शिकवल्याचा दावा केला. बेलिए-बोमाँने पत्र लिहून तो खोडला. श्रेय पोराचेच, असे त्याने ठामपणे नोंदवले, म्हणून आज आपल्याला एडमंड ठाऊक आहे. एडमंड मात्र १८८०मध्ये गरिबीतच गेला.

आपल्याकडे २०००नंतरच्या तीन-चार वर्षांत व्हॅनिलाचे वेड आले होते. मादागास्करमध्ये वादळाने पीक गेले आणि भाव कडाडले. केरळ-कर्नाटकात वेलीचे तुकडे सोन्याच्या मोलाने विकले गेले. मग भाव कोसळले आणि कित्येक शेतकरी पोळले. वेल तीच, शेंगही तीच. बाजार मात्र माणसाला विचारून चढत-उतरत नाही.

यंदा माझ्या वेलीला पहिले फूल आले. पिवळसर हिरवे, सकाळी उमलणारे आणि त्याच दिवशी मिटणारे. खराट्याची हीर घेऊन मी गॅलरीत उभा राहिलो. हात थरथरत होता. दोन फुले वाया गेली, तिसरे साधले. आता शेंग पिकायला आठ-नऊ महिने. हिरव्या शेंगेला वास नसतो. ती गरम पाण्यातून काढायची, घोंगडीत घाम आणून वाळवायची, महिनोन्महिने. तेव्हा कुठे सुगंध सुटतो.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" बेगमने विचारले. मी एडमंडचे नाव सांगितले. पोरवयाच्या त्या मुलाने त्याची रीत लिहून ठेवली नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळानंतर माझ्या गॅलरीत पोचली. आपण आइस्क्रीम खातो त्यात बहुधा कारखान्यातला कृत्रिम वास असतो. पण खरी शेंग जिथे कुठे धरते, तिथे अजूनही बहुतेक वेळा कुणाचा तरी अंगठा त्याच रीतीने दाबलेला असतो. कागदावर अंगठा उठवणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. हा अंगठा मात्र मला सहीपेक्षा मोठा वाटतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)