शीव कोणाला ठाऊक होती?

नकाशांचा इतिहास सांगणारे १७६७ साली स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियापासून सुरुवात करतात. मग लॅम्बटन येतो, एव्हरेस्ट येतो, आणि लेखक फारच उदार असला तर राधानाथ सिकदारांचे नाव येते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही सुरुवातच मान्य करण्यासारखी नाही. इंग्रजांची साखळी गावात येण्याआधीही गावाच्या हद्दीचे ज्ञान होते, आणि ते ज्याच्याकडे होते तो माणूस महार होता. शीव कोणत्या ओढ्याने वळते, कोणता दगड आपला आणि कोणता शेजारच्या गावाचा, हे त्याला पायाखालचे ठाऊक असे. दोन गावांत हद्दीचा तंटा पेटला की त्याची साक्ष निर्णायक धरली जाई. ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा शब्द शिवेवर मात्र चालत होता!

मित्रहो, यात अभिमान वाटून घेण्यासारखे फार नाही. हे ज्ञान वतनाच्या बेडीला बांधलेले होते. सरकारी कामगार दौऱ्यावर आला की त्याच्या दिमतीला राहायचे, टपाल पोचवायचे, वाट दाखवायची. वेळेचा हिशोब नाही आणि मोबदला म्हणजे तुटपुंजे इनाम व बलुते. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. पण ‘आमच्या समाजाचा आणि भूगोलाचा काय संबंध’ असे म्हणणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानात ठेवावे की या राज्यातले जुने भौगोलिक माहितीचे काम त्याच्याच पणजोबाने फुकटात केलेले आहे.

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब व तितकेच रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपण हेच माप बोलतो. या मोजणीने शेताला क्रमांक दिला, बांध कागदावर आणला. पायात असलेले ज्ञान दप्तरात गेले. दप्तर कोणाच्या हातात होते? ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षर येत होते त्यांच्या. शीव सांगणारा आता फक्त बोट दाखवणारा उरला, लिहिणारा दुसराच.

कोकणात त्यावर आणखी एक थर होता, खोतीचा. कसणारा एक, सारा भरणारा दुसरा, आणि कागदावर दिसणारा बहुतेक वेळा दुसराच. साखळी इंचाइंचाने बरोबर असेल, पण ‘कोणाची’ हा रकाना साखळी भरत नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

महाडचा चवदार तळ्याचा दावा या नजरेने पुन्हा वाचावा. २० मार्च १९२७ चे पाणी सर्वांना आठवते. पुढची दहा वर्षे कोर्टात काय चालले होते ते फार थोड्यांना. सवर्ण वादींचे म्हणणे होते की तळे खाजगी आहे. म्हणजे प्रश्न शेवटी जागेच्या मालकीचा झाला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला, त्यात तळ्याचा विस्तार चार-पाच एकर सांगितला आहे आणि त्याच्या चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते असल्याचे नोंदले आहे. तळे वादींचे ठरले नाही. सत्याग्रहाला नैतिक बळ होतेच. पण कोर्टात रस्ता कोणाचा आणि तळे कोणाचे, हेही लागले.

आता कुडपणकडे येऊ. पोलादपूर तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या घडीत, सातारा जिल्ह्याच्या हद्दीजवळ आहे. १:५०,००० प्रमाणाच्या सरकारी नकाशावर शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. डोंगरउतारावरची वीस घरांची वाडी पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे केले, तेही याच प्रमाणावर. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूरमध्ये केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसे गाडली गेली. असा नकाशा अख्ख्या उतारावर रंग भरू शकतो; कोणते घर आज रात्री रिकामे करायचे, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी वाडीवाडीचा, घराघराचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा लागतो.

२ मे २००० पासून अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या यंत्राची अचूकता शंभर मीटरवरून वीसेक मीटरवर आली. २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप, २००५ मध्ये गुगल मॅप्स. आज मोबाईलवर कुडपण टाइप केले की धबधबा दिसतो. पर्यटकाला हवे ते नकाशाला आधी कळते. कोकणातल्या कित्येक बौद्धवाड्या मात्र या नकाशांवर नुसत्या हिरव्या रंगात आहेत, आणि जिथे जुन्या नोंदी आहेत तिथे त्या जातीच्या नावाने आहेत. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर २०२० मध्ये घेतला; पण शासन निर्णय निघाला म्हणून कोणाच्या सर्व्हरवरचे नाव आपोआप बदलत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर ते कोणीही नोंदणी करून बदलू शकतो. फेब्रुवारी २०२१ पासून भारतीयांना नकाशे करायला पूर्वपरवानगीही लागत नाही. या सवलतीचा फायदा कंपन्यांनी लगेच घेतला, आपण अजून विचारच करतो आहोत.

सगळ्यात तातडीची गोष्ट ड्रोनची. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. काही सेंटिमीटरची अचूकता मिळते, यात शंका नाही. (दरीत मोबाईलचे नेटवर्क नसले की जमिनीवरून होणारी उपग्रह मोजणी अडखळते, तो भाग वेगळा.) पण ड्रोन उडण्याआधी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावी लागते, आणि ड्रोन त्या रेघेचाच फोटो काढतो. पोलादपूरची निम्मी घरे मुंबईला. कुलूप लावलेल्या घराची रेघ कोण मारणार? शेजारी मारणार, किंवा कोणीच नाही. शिवाय ही मोजणी गावठाणाची आहे. गावठाणाबाहेर, पूर्वीच्या खोताच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या उभी असलेली घरे या सनदेत येत नाहीत. त्यांच्यासाठी गावठाण विस्ताराची मागणी ग्रामसभेच्या ठरावात वेगळी मांडावी लागते.

म्हणून मुंबईतल्या गावमंडळांनी एक काम करावे. ज्या गावाची मोजणी बाकी आहे तिथली चुन्याची तारीख ग्रामपंचायतीकडून आधी काढून घ्यावी आणि प्रत्येक घरचा एक माणूस त्या दिवशी गावात उभा करावा. मोजणी झाली असेल, तर नकाशा निघाल्यावर चौकशीचा दिवस असतो. हरकत त्याच दिवशी आणि लेखी द्यायची, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही.