लंडनहून दिवेआगर

आई गेली तेव्हा धाकटा लंडनहून निघाला. तिथून मुंबई सुमारे ७२०० किलोमीटर. थेट विमानाला नऊएक तास. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, ते कैरो, जिनिव्हा घेत गेलं होतं. आता मधे कुठे थांबणं नाही.

मुंबई विमानतळापासून आमचं दिवेआगर सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण धरमतर, राजपुरीच्या खाड्या आडव्या. मग माणगाव-म्हसळ्याचा वळसा, नि पाचएक तास. म्हणजे विमानातल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त!

तो वाडीत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणाला, "दादा, विमानात एकदाही घड्याळ बघितलं नाही. माणगावपासून मात्र सारखं बघत होतो."