शब्द सुचण्याआधी हात

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत पहिलीचे गुरुजी अक्षर गिरवायला लावत, तेव्हा पाठीमागे उभे राहून पेन्सिलीसकट आमची मूठ आपल्या हातात घेत. तोंडाने फारसे काही सांगत नसत. चार-पाच वेळा गिरवून झाले की हात सोडत, आणि अक्षर वळू लागे. तो हात नेमके काय शिकवत होता, हा प्रश्न मला पडला तो बऱ्याच वर्षांनी, एका योगशिक्षकाची हकिकत वाचताना.

१९३७ साली अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार म्हैसूरहून पुण्यात आले. डेक्कन जिमखान्यावर आसने शिकवायची होती. लहानपणी क्षय आणि विषमज्वर भोगलेली किरकोळ प्रकृती, मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम. पुढे त्यांच्या शिकवण्यात हाताला जे महत्त्व आले, त्यामागे भाषेची ही अडचणही असावी असे मला वाटते. ते विद्यार्थ्याचा खांदा धरून मागे वळवत, गुडघा दाबत, चापटही मारत. (चापटीची पद्धत मला पटत नाही, पण तिचा उल्लेख टाळणेही बरे नव्हे.)

१९५२ मध्ये मुंबईत त्यांची गाठ यहुदी मेन्युहिन यांच्याशी पडली. बालपणी सहज वाजणारे व्हायोलिन या जगप्रसिद्ध वादकाला आता जड जात होते. शरीर थकलेले, ताठलेले. अय्यंगारांनी त्यांना आडवे केले, बोटांनी डोळे-कान झाकले, आणि पाहुणे चक्क झोपी गेले. त्यानंतर मेन्युहिन त्यांच्याकडे शिकू लागले. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिले. त्यावर त्यांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हटले होते. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते!

मग त्यांनी शिकवले काय? स्नायू, स्नायुबंध आणि सांधे यांतले संवेदक अवयवांच्या स्थितीची खबर मेंदूला सतत देत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. पाच ज्ञानेंद्रियांच्या आपल्या यादीत तिला जागा नाही. शिवाय सवयीने ती फसवते. वर्गात करून पाहा: मुलांना डोळे मिटून दोन्ही पाऊले अगदी समांतर ठेवायला सांगा, मग डोळे उघडायला लावा. अनेकांची पाऊले वाकडी निघतील. ती सरळ केली की 'आता वाकडे वाटतेय' अशी तक्रार येईल. ताठलेल्या खांद्याला 'सैल सोड' सांगून भागत नाही ते यामुळेच. सैल म्हणजे काय, हे त्या खांद्याला ठाऊकच नसते; दुसऱ्याचा हात ते दाखवतो.

दुखण्याची गोष्ट थोडी वेगळी. गुडघा आपटला की आपण तो चोळतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी कल्पना मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. तपशील पुढे बदलले, मूळ विचार टिकला. आजी पाठीला खोबरेल चोळायची तेव्हा बरे वाटायचे, पण दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा तशीच!

शिकवणारा हात आणि चोळणारा हात यांची तुलना इंग्लंडमध्ये झाली आहे. आवाज बसल्यामुळे स्वतःच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांडर या नटाने हलक्या हाताने शिकवण्याची एक पद्धत काढली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ५७९ रुग्ण होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांना वर्षाअखेरीस चार आठवड्यांतले साधारण २१ दिवस दुखत होते. अलेक्झांडर पद्धतीचे २४ पाठ घेतलेल्यांना ३ दिवस. सहा वेळा मालिश घेतलेल्यांच्या हालचालीत तीन महिन्यांनी फरक दिसला, वर्षाने तो उरला नाही. अर्थात २४ पाठ आणि ६ मालिशी ही तुलना समसमान नव्हे, आणि आपल्यावर कोणता उपचार चालू आहे हे रुग्णापासून लपवताही येत नाही. आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

अय्यंगारांनी पुढे भिंत, दोर, लाकडी ठोकळे, पट्टे वापरायला सुरुवात केली. १९७५ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर टांगलेले आहेत. शिक्षकाचा हात बाजूला झाला की तो दोर विद्यार्थ्याला त्याचा खांदा कुठे आहे ते सांगतो.