जबड्याची पुनर्रचना आणि प्रतीक्षेची शिस्त : पुण्यातील नासारोपणापासून दंतारोपणापर्यंत

प्रास्ताविक

दंतारोपणाचा इतिहास बहुधा टायटॅनियम या धातूच्या शोधकथेच्या रूपाने सांगितला जातो. स्वीडनमधील एक संशोधक, सशाच्या पायाचे हाड आणि त्या हाडाशी एकजीव झालेला धातूचा तुकडा, एवढ्यावर ही कथा आटोपते. प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. नष्ट झालेला अवयव पुन्हा उभा करताना जिवंत ऊतींना जुळून येण्यासाठी किती अवधी दिला गेला आणि त्या अवधीचा भार कोणी उचलला, हा प्रश्न येथे मध्यवर्ती मानला आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारामुळे महाराष्ट्रातील अनेकांना वरचा जबडा गमवावा लागला. त्यानंतर हा प्रश्न केवळ जुन्या कागदपत्रांपुरता उरलेला नाही.

पुण्याजवळची शस्त्रक्रिया

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशी आद्याक्षरे असलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ मध्ये शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे. मराठा शेतकऱ्याचे नाव कावसजी कसे, हे कोडे तूर्त बाजूला ठेवू. रुग्णाचे नाव नोंदले गेले, पाहणाऱ्यांची नावे नोंदली गेली. ज्याच्या हातात शस्त्र होते त्याचे नाव मात्र पत्रात नाही.

पत्रातील कृतीचे वर्णन बारकाईने वाचण्यासारखे आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ आखावयाची. त्या रेघेवरून त्वचा सोडवावयाची. परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा जोडलेलाच ठेवावयाचा. सोडवलेली त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची. सांध्यांवर पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप लावलेल्या चिंध्या, चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले कापड, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापणे. (ज्या काताने पुण्यात चेहरा सांधला तोच पुढे गुटख्याच्या पुडीत सुपारी व तंबाखूच्या सोबतीला बसावा, हा योगायोगच.) या सर्व कृतीत निर्णायक काय होते? हातचलाखी होतीच, पण खरे मर्म त्या पंचवीस दिवसांत आहे. त्वचेला नव्या जागी रक्तपुरवठा मिळेपर्यंत जुन्या जागेशी असलेले तिचे नाते तोडावयाचे नाही, हे त्या अनाम कारागिराला नेमके ठाऊक होते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही विद्या युरोपभर गेली.

जबडा का मागे राहिला

नाक घडले, मग जबडा का घडला नाही? त्वचा शेजारून उसनी घेता येते. जबड्याला चावण्याचा भार पेलावा लागतो आणि तोही लाळेने सदैव ओल्या, जंतूंनी भरलेल्या पोकळीत. तेथे रोवलेल्या परक्या वस्तूभोवती शरीर बहुधा तंतुमय आवरण तयार करी आणि कालांतराने ती सैल पडे. अमेरिकेत ग्रीनफिल्ड यांनी १९१३ च्या सुमारास इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पिंजऱ्यासारखी मुळे बसवली; १९३० च्या दशकात बोस्टनमध्ये स्ट्रॉक बंधूंनी व्हायटॅलियम हा मिश्रधातू वापरला. हे प्रयत्न दुर्लक्षणीय नव्हते, पण भरवसा ठेवावा अशी पद्धत त्यांतून निघाली नाही.

ती निघाली एका वेगळ्याच कुतूहलातून. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे दंतवैद्य नव्हते. हाडातील रक्ताभिसरण जिवंतपणी पाहता यावे म्हणून १९५० च्या दशकाच्या आरंभी लुंड विद्यापीठात त्यांनी सशांच्या पायात टायटॅनियमची सूक्ष्म निरीक्षणनळी बसवली. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाड तिला घट्ट बिलगले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे यॉस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे रोपण केले. लार्सन यांच्या टाळूत व जबड्यात जन्मजात दोष होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. म्हणजे आधुनिक दंतारोपणाचा पहिला रुग्ण सदोष जबड्याचा होता. एखाद-दुसरा दात पडलेला हौशी मनुष्य नव्हता. २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती रोपणे त्यांच्या मुखात टिकून होती.

ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत स्क्रू हाडात बसवल्यावर हिरडी वरून शिवून टाकीत. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने त्यावर कसलाही भार येऊ देत नसत. नंतर हिरडी उघडून दात जोडले जात. पुण्याच्या जोडपट्ट्याशी याचे साम्य माझ्या मते वरवरचे नाही. दोन्हीकडे वैद्य आपले काम करून थांबतो आणि उरलेले काम शरीर करते. १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत मान्य झाली व हळूहळू जगाची झाली.

उपनगरातील पाट्या आणि २०२१

भाईंदर पूर्वेसारख्या उपनगरात आज दंतचिकित्सालयाची पाटी दिसत नाही अशी गल्ली विरळा. त्यांवर दंतारोपणाचा उल्लेख असतो आणि कधी कधी 'एका दिवसात दात' असे आश्वासनही. निवडक रुग्णांत, हाड दाट असेल व स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल, तर तात्काळ भार देणे शास्त्रसंमत आहे. परंतु जाहिरातीत अट गळून पडते आणि दिवस तेवढा उरतो.

जेथे जबडाच उरत नाही तेथे ही घाई मुळीच चालत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून मुखकर्करोगाचे रुग्ण येत आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी तो ओघ आटलेला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे हिडाल्गो यांनी पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून त्यापासून खालचा जबडा घडवला. रक्तपुरवठा राखण्याचे पुण्याचे सूत्र येथे हाडाला लागू झाले.

मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने म्युकरमायकोसिसची प्रत्येक नोंद कळवणे राज्यांना बंधनकारक करण्यास सांगितले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडांचा वापर यांमुळे कोविडच्या रुग्णांना ही बुरशी ग्रासत होती. अँफोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा होता, आणि जीव वाचवण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला पडलेल्या भगदाडामुळे घास व पाणी नाकात जाते, उच्चार अनुनासिक होतो. कवळीवजा झाकण ही पहिली सोय. पुढे ज्यांना शक्य झाले त्यांच्या गालाच्या हाडात लांब रोपणे बसवून दात उभे केले गेले. ही पद्धतही ब्रोनेमार्क यांच्याच परंपरेतील. पण त्याआधी बुरशी पुन्हा उद्भवत नाही आणि रक्तातील साखर आटोक्यात आहे याची खात्री होईपर्यंत थांबणे भाग असते.

या थांबण्याला खर्च असतो. १७९४ च्या पत्रातील एक तपशील सहसा कोणी उद्धृत करीत नाही : कावसजी कंपनी सरकारचा निवृत्तिवेतनधारक होता. त्याच्या पंचवीस दिवसांमागे एक नियमित उत्पन्न होते. जबडा गमावलेला रिक्षाचालक किंवा घरकाम करणारी स्त्री पातळ पेजेवर काढते ते महिने मात्र कोणत्याही सांख्यिकीत बसत नाहीत. साथीच्या नोंदी बाधित, बरे झालेले व मृत अशा रकान्यांत भरल्या जातात आणि टाळूला झाकण लावून घरी गेलेला रुग्ण 'बरे झालेले' या रकान्यात जातो. मीरा-भाईंदर परिसरातील अशा रुग्णांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांच्या आवाक्यातील आहे. साथीला काही वर्षे लोटली असली तरी माणसे हयात आहेत, औषधांच्या पावत्या आणि रुग्णालयांचे कागद अजून घरोघरी जपून ठेवलेले आहेत.