कृमी, श्वास आणि लांबारेनेची मुले

मूल झोपेत करकरा दात खाऊ लागले, त्याचे पोट टम्म फुगले, की आपल्याकडील आजीचा हात प्रथम वावडिंगाच्या डबीकडे जाई. आणि त्या हातामागे चरकसंहितेच्या विमानस्थानापर्यंत पोहोचणारी परंपरा उभी होती, जिच्यात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांचा बंदोबस्त कसा करावा, याचा साद्यंत विचार केलेला आहे. तमकश्वासाचे, म्हणजे ज्याला आपण दमा म्हणतो त्याचे, विवेचन त्याच ग्रंथात, पण दूर चिकित्सास्थानात येते. या दोन व्याधींचा परस्परांशी काय व्यवहार आहे, ही पृच्छा आधुनिक वैद्यकाच्या दफ्तरात दाखल झाली ती विसाव्या शतकात, आणि तीही कृमींविरुद्धची फिर्याद म्हणून.

१९२२ साली कोइनो या जपानी संशोधकाने गोल जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळली. काही दिवसांतच त्याला ताप, खोकला व धाप यांनी ग्रासले, आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. आतड्यात फुटलेली अळी रक्तावाटे फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात वस्तीला येते, हा तिचा विलक्षण प्रवास मनुष्यदेहात अशा रीतीने प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध झाला. पुढे १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी भारतातील रुग्णांवरून ज्या दम्यासदृश विकाराचे वर्णन केले, त्याचेही मूळ अखेरीस हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींतच निघाले.

फिर्यादीची दुसरी बाजू उघडली ती रक्ताच्या परीक्षेतून. १९६६ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने डेन्व्हर येथील बालदम्याच्या संशोधनसंस्थेत ‘आयजीई’ नामक प्रतिपिंड शोधून काढले. हे द्रव्य दमेकऱ्याच्या रक्तात वाढते, आणि जंत झालेल्या मुलाच्या रक्तात तर त्याहूनही कितीतरी वाढते! मग खेड्यापाड्यांतील कृमिग्रस्त मुले दम्याने हैराण का होत नाहीत? हा प्रश्न मला या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटतो. टर्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या देहात अंकुशकृमी सोडून घेतले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांत परागांमुळे होणारा आपला नेहमीचा त्रास शमल्याचे १९७६ साली नमूद केले; परंतु एका माणसाच्या अनुभवावरून लेकरांचा फैसला करता येत नाही.

तो फैसला करण्याचा खरा उद्योग झाला तो गॅबन देशात, ओगोवे नदीकाठच्या लांबारेने गावी, जिथे १९१३ साली अल्बर्ट श्वाइट्झर यांनी आपले रुग्णालय उभारले होते. तेथील मुले ज्या गोड्या पाण्यात डुंबतात, त्यातील गोगलगायींतून निघालेल्या कृमींच्या अळ्या त्यांच्या त्वचेतून आत शिरतात, आणि मुलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील ५२० शाळकरी मुले तपासली गेली. तेव्हा आढळले ते असे, की ज्यांच्या अंगी हे कृमी होते, त्यांच्या त्वचेवर घरधुळीतील माइट या सूक्ष्म किड्याची अ‍ॅलर्जीदर्शक प्रतिक्रिया उमटण्याचे प्रमाण बरेच कमी होते. दीर्घकाळ मुक्काम ठोकणारा कृमी आपल्या यजमानाच्या रक्षक पेशींना शांत ठेवतो, आणि त्या शांततेत धूळ-परागांविरुद्धचा उठावही दबतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे तेथील मुलांना दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध देऊन अडीच वर्षे पाहिले असता, औषध घेतलेल्यांत माइटची त्वचा-प्रतिक्रिया वाढलेली दिसली. मात्र त्वचेवर उठलेली गांधी म्हणजे दमा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय इक्वेडोरच्या ग्रामीण शाळांत वर्षभर असेच औषध दिल्यावर अ‍ॅलर्जीत काहीही वाढ आढळली नाही.

२००६ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र जुळवून पाहिले गेले, तेव्हा ‘कृमी’ ही एकच जात धरणे हीच मुळात चूक होती, असे निष्पन्न झाले: अंकुशकृमी असलेल्यांत दमा कमी, तर कोइनोने गिळलेल्या त्या गोल जंताच्या बाबतीत उलट अधिक. आपल्या मुलांच्या पोटात सर्रास आढळतो तो हाच दुसरा. आणि पहिला जे रक्त शोषतो, त्याची भरपाई कोणत्याही संभाव्य लाभाने होण्यासारखी नाही. म्हणून आपल्या देशात २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जी जंतनाशक गोळी दिली जाते, ती दम्याच्या भयाने कोणा मातापित्यांनी नाकारू नये, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.