चीनचं फळ, मगधाची साखर आणि मनीषनगरचा गंज

आजचा भाग सुरू होतो मनीषनगरमधल्या एका फळाच्या ठेल्यावरून. हेडफोन लावून स्वयंपाकघरात जायचं असेल तर जा, कारण शेवटी काहीतरी शिजणार आहे.

जूनचा पहिला आठवडा. नवतपा संपलेला, पण ते उन्हाला कुणी सांगितलेलं नाही. ठेल्यावर आंब्यांच्या ढिगाशेजारी लालसर-पिवळी, अंगावर मऊ लव असलेली फळं. "आडू घ्या ना ताई, एकदम मीठे आहेत, हिमाचलचा माल आहे." आडू म्हणजे पीच. घेतले एक किलो. त्या दिवशी दोन खाल्ले. फ्रिज आंब्यांनी भरलेला, म्हणून बाकीचे ओट्यावरच राहिले. दुसऱ्या दिवशी देठापाशी डाग पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरभर गोड, किंचित आंबूस वास.

आता दोनच रस्ते होते. फेकायचे, नाहीतर शिजवायचे. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "मुरंबा कर की. पण हे काही आपलं फळ नाही हं. कसा होईल, देव जाणे."

"आपलं फळ नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग शोधायला बसले, तर त्या एका बरणीतून जवळजवळ अर्ध्या जगाचा इतिहास निघाला.

नाव इराणचं, घर चीनचं

पीचचं शास्त्रीय नाव आहे 'प्रुनस पर्सिका'. पर्सिका म्हणजे पर्शियाचं, इराणचं. युरोपात हे फळ इराणच्या वाटेने पोहोचलं, म्हणून रोमन लोकांनी त्याला पर्शियाचं फळ म्हटलं. त्याच शब्दाचा घासून घासून 'पीच' झाला. म्हणजे इंग्रजी नावातसुद्धा इराण लपलेला आहे.

पण पत्ता चुकला होता. पीच मूळचं चीनचं. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, आजच्या चेच्यांग प्रांतात, उत्खननात पीचच्या हजारो वर्षं जुन्या कोयी सापडल्या आहेत. त्यांचा आकार कसा बदलत गेला हे पाहून संशोधक म्हणतात की सुमारे ७५०० वर्षांपूर्वीच तिथले लोक चांगली झाडं निवडून वाढवत होते.

मग भारतात कसं आलं? याची एक गोष्ट ह्युएनत्संगने लिहून ठेवली आहे. हो, तोच शाळेच्या पुस्तकातला, पाठीवर पोथ्यांचं ओझं घेतलेला चिनी प्रवासी. सातव्या शतकात तो पंजाबात 'चीनभुक्ती' नावाच्या जागी पोहोचला. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं की फार पूर्वी, कनिष्काच्या काळात, चीनकडून ओलीस आणलेले राजपुत्र इथे राहायचे. त्यांच्या आधी या देशात पीच आणि नासपती नव्हते, ते त्यांनीच लावले. म्हणून पीचला नाव पडलं 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र'.

ही गोष्ट शब्दशः खरी माना किंवा मानू नका. पण एवढं नक्की की तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी पंजाबातल्या माणसालाही ठाऊक होतं, हे फळ पाहुणं आहे. काकूंचं वाक्य तेव्हाही कुणीतरी म्हणत असणार!

आणि साखर?

आता गंमत ऐका. ह्युएनत्संग इ. स. ६४५ मध्ये चीनला परत गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६४७ मध्ये, तांग सम्राट ताइझोंगने मगधाला माणसं पाठवली. कशासाठी? उसाच्या रसापासून साखर कशी करतात ते शिकायला.

ऊस चीनमध्ये होता. पण रस आटवून त्याची दाणेदार, टिकाऊ साखर करण्याचं कसब भारतात पुढे गेलेलं होतं. गुप्तकाळापर्यंत इथे ते चांगलं रुळलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसने लिहून ठेवलं होतं की इथे मधमाश्यांशिवाय मध देणारे बोरू आहेत. शब्दांचा प्रवास पाहा: आपली 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर', आणि युरोपात जाऊन 'शुगर'. आपला 'खंड', म्हणजे खडा, 'कंद' झाला आणि तिकडून 'कँडी' बनून परत आपल्या किराणा दुकानात आला.

पण प्रवास एकाच दिशेने थांबत नाही. नागपुरात अर्धं शहर साखरेला काय म्हणतं? 'चीनी'. म्हणजे चीनची! साखर करायला आपल्याकडून शिकलेल्या देशाचं नाव आपण शुभ्र साखरेला दिलं. आणि 'मिश्री' म्हणजे मिस्रची, इजिप्तची. मराठीत आपण तिला सरळ 'खडीसाखर' म्हणतो, म्हणून हे सहज लक्षात येत नाही.

तर चीनने पीच दिला, मगधाने साखर. आणि दोन्ही गोष्टींच्या नोंदी सातव्या शतकातल्या, दोन-चार वर्षांच्या अंतराने. पीच सॉसचं सगळं मुख्य सामान तेव्हाच ओट्यावर येऊन पडलं होतं म्हणा ना.

मुरंबा कुणाचा?

काकू मात्र म्हणतील, मुरंबा तर आपलाच! त्यात 'मुरणं' आहे, 'आंबा' आहे. अगदी मराठी शब्द.

पण मुरंबा आला तो अरबी 'मुरब्बा'वरून, फारसीच्या वाटेने. त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे वाढवणं, जोपासणं. 'तरबियत', म्हणजे संस्कार, हा शब्दही त्याच घरातला. फळाला साखरेत किंवा मधात ठेवून सांभाळायचं, म्हणून तो मुरब्बा. दहाव्या शतकात बगदादमध्ये अल-वर्राकने पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही मुरब्बे आहेत. तेव्हा ते जिभेइतकेच पोटासाठी असायचे. आपल्याकडे पित्त झालं की अजूनही आवळ्याचा मुरंबा खातात, ती चाल तेवढी जुनी आहे.

हा शब्द मराठीत आला तेव्हा आपल्या कानाला त्यात 'आंबा' ऐकू आला असावा. आणि मग आपण थांबलोच नाही. साखर घातली की साखरांबा, गूळ घातला की गुळांबा, मेथी घातली की मेथांबा. परका शब्द घरात आला आणि त्याचं अख्खं मराठी कुटुंब झालं.

नागपुरात पीच का पिकत नाही?

साधं कारण, थंडी. पीचचं झाड हिवाळ्यात झोपतं. साधारण ७ अंशांच्या खाली किंवा आसपास ठरावीक तास काढल्याशिवाय त्याला जाग येत नाही आणि नीट फुलोरा धरत नाही. एल्बर्टासारख्या जातीला असे आठशेच्या आसपास तास लागतात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री कडाका पडतो, पण सकाळी दहाला पुन्हा ऊन. झाडाची झोप होतच नाही.

हिमाचलमध्ये होते. सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ तर पीचसाठीच ओळखलं जातं. तिथे जी 'जुलै एल्बर्टा' लावतात, तिचं घराणं पाहा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सॅम्युएल रम्फ नावाच्या बागायतदाराने १८७० च्या दशकात 'एल्बर्टा' ही जात काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं. ती त्याने वाढवली चिनी जातीच्या पीचच्या कोयीपासून. म्हणजे चीन, अमेरिका, हिमाचल, मग ट्रकमध्ये बसून नागपूर. चार दिवस झटके खाऊन आलेलं ते फळ ४२ अंशांत तिसऱ्या दिवशी मऊ पडलं, तर त्याची काय चूक?

मग आपलं म्हणजे संत्रं?

नागपूरकर म्हणेल, पीच राहू द्या, आपलं फळ म्हणजे संत्रं. बरोबर. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तेही इथे उगवलेलं नाही. नागपूरचे रघुजीराजे भोसले यांनी औरंगाबादकडून कलमं आणून बागेत लावली, असं सांगतात. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली, तेव्हा या नाजूक फळाला दूरच्या बाजाराचा रस्ता मिळाला. जे पूर्वी गावातच संपायचं ते पेट्यांतून बाहेर जाऊ लागलं.

संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. बहार जोरात आला की भाव पडतो आणि तोच पीचवाला प्रश्न उभा राहतो: फेकायचं की टिकवायचं? याच प्रश्नातून बागायतदारांची 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन' आठवते. तिच्या अद्याक्षरांतून झाला 'नोगा'. आज तो महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाचा ब्रँड आहे. जॅम, स्क्वॅश, सॉसच्या त्या बाटल्या तुम्ही पाहिल्या असतील, पण नावात संत्र्याचा बागायतदार बसलाय हे माहीत होतं का?

आणि संत्रं टिकवणं सोपं नाही बरं. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडसर लागतो. त्यातलं 'लिमोनिन' हळूहळू तयार होतं, त्याचा हा प्रताप. पीच या बाबतीत गरीब स्वभावाचं. शिजवा, कुस्करा, कटकट नाही.

चला, गंज ठेवा गॅसवर

नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, लोखंडावर चढतो तो नव्हे! गंज स्टीलचा घ्या. फळ आंबट आहे, अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ नको.

एक किलो पीच. डागाळलेला भाग कापून टाका. बुरशी दिसली तर ते फळच टाका. प्रत्येकाच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट, लगेच थंड पाण्यात. साल हाताने निघते. कोय काढा. काही जातींत कोय चटकन सुटते, काहींत चिकटून बसते. चिकटली तर आंब्यासारखे काप काढा. कोय फोडून आतलं बी मात्र खाऊ नका. कडू असतं, आणि त्यातला घटक पोटात गेल्यावर सायनाइड तयार करतो.

फोडी गंजात, २०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, आल्याचा छोटा तुकडा. मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. अधूनमधून हलवा. फोडी मऊ झाल्या की रवीने किंवा डावाने घोटा. चमच्याच्या पाठीवर सॉस घेऊन बोट ओढा. रेघ राहिली की झालं. गार होताना आणखी दाट होतो.

आता महत्त्वाचं, कारण रील्समध्ये हे कुणी सांगत नाही. हा सॉस आहे, मुरंबा नाही. मुरंब्यात साखर जवळजवळ फळाइतकीच असते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून जंतूंना वाढायला पाणी उरत नाही आणि बरणी वर्षभर टिकते. आपल्या नियमांप्रमाणे बाजारातल्या जॅममध्ये साखरेसारखे विरघळलेले पदार्थ किमान ६५ टक्के लागतात, तेही याचसाठी. आपण साखर कमी घातली, म्हणजे टिकण्याची हमी कमी केली. त्यामुळे उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. शेल्फवर ठेवून 'आजीच्या पद्धतीने वर्षभर' म्हणू नका. आजी साखर मोजून घालायची!

खायचा कसा? थंड दह्यात दोन चमचे. चक्क्यात घोटून श्रीखंड. गरम पोळीवर आधी तूप, मग सॉस. आणि अर्धी वाटी सॉसमध्ये लाल तिखट, भाजलेलं जिरं आणि थोडं काळं मीठ घालून आलूबोंड्याबरोबर खाऊन बघा. मग मला मेसेज करा.

माझ्या एक किलोतून दोन छोट्या बाटल्या झाल्या. एक काकूंना दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, बोटाने चाखलं. म्हणाल्या, "आलं जास्त झालं." फळ कुणाचं, ते काही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी बाटली परत आली. धुऊन, पुसून. रिकामी नव्हती अर्थातच. आत मेथांबा होता.

भेटू पुढच्या भागात. तोवर ओट्यावरच्या फळांवर लक्ष ठेवा!